सात बाय सात

माझी केळी विरळ आहे, हे सावद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.
लोक पाच बाय पाचवर कंद लावतात,
मी सात बाय सात.
बांधावरून जाताना काशिनाथ फिरके दरवर्षी हिशेब मांडतो,
एकरी साडेआठशे खोडं कमी, म्हणजे तेवढेच घड कमी,
"कर्नल, अर्धी बाग तुम्ही वाऱ्याला देता."
मी म्हणतो, ऊन खेळतं राहतं, करपा येत नाही.
तो मान हलवतो. करपा त्यालाही कळतो.

खरं म्हणजे मला बांधावर उभं राहून
पलीकडच्या विहिरीपर्यंत दिसावं लागतं.

त्या बेटावरही केळीच होती.
आम्ही उतरलो तेव्हा बायकांनी हार घातले,
एका म्हातारीने माझ्या हातावर गूळ ठेवला.
तिसऱ्या महिन्यात त्याच दारांना आतून कड्या.
ज्यांना वाचवायला गेलो
त्यांच्या अंगणातून आम्ही वाकून पळत होतो.
आणि घरच्या पाकिटांत वर्तमानपत्रांची कात्रणं :
कशासाठी? कोणाच्या शब्दावर? अजून किती दिवस?
मेव्हण्याने एका वाक्याखाली शाईची रेघ मारून पाठवली होती.
त्या रेघेशी मी सहमत होतो.
कात्रण घडी करून नकाशाच्या पिशवीत ठेवलं
आणि दुसऱ्या दिवशीच्या कूचचा हुकूम लिहिला.

दरबारात मी म्हणालो होतो,
ज्याच्या मनात शंका असेल त्याने ती माझ्या तंबूत जमा करावी,
रायफल जमा करतात तशी, नंबर लिहून, सही करून.
युद्ध संपलं की परत न्यावी.
जवान हसले. मला वाटलं, जमलं.
आता रात्री ते रजिस्टर मी चाळतो.
बरेच जण न्यायला आलेच नाहीत.
काही आले, पण त्यांना आपली कुठली ते ओळखता येईना.

पारोळ्याकडचा सुपडू तायडे, बाविशीचा,
मराठी बोलता बोलता अहिराणीत घसरायचा.
बागेच्या तोंडाशी, पहाटे, ओळ लावताना म्हणाला,
"साहेब, ह्या लोके आपलावर कसाले चिडेल शेतस?"
त्याला उत्तर हवं होतं. एका वाक्याचं चाललं असतं.
मी म्हणालो, पुढे बघ.

पुढे पानं होती.
पानांपुढे पानं.

जाताना बँड होता. परतताना
भुसावळला गाडी रात्री अडीचला लागली.
फलाटावर एक हमाल, एक झोपलेलं कुत्रं,
आणि एक चहावाला, त्याने विचारलं, "कुठली पलटण?"
मी सांगितलं. त्याने पैसे घेतले नाहीत,
पण माझ्याकडे बघितलंही नाही.
त्या चहाचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

सुपडूचा बाप एकदाच आला, थंडीत.
पिशवीत पाच वांगी, भरताची, हिरवी, देठासकट.
कसा गेला, हे त्याने विचारलं नाही.
विचारलं ते इतकंच, "शेवटी काही बोलला का?"
मी म्हणालो, नाही.
माझ्या सगळ्या हुकमांमध्ये
हा एकच मी स्वतःहून दिलेला होता, कोणाच्या वरच्या आदेशाविना.
म्हातारा बराच वेळ चुलीकडे बघत बसला,
मग म्हणाला, "लहानपणी फार बोलायचा."

लोक म्हणतात, तुम्ही हुकूमाचे ताबेदार.
मला ही सूट नको आहे.
वरून आलेला कागद माझ्या हातात पडेपर्यंत कागदच असायचा.
त्याचा आवाज मी व्हायचो.

यंदा नदीकडची तीन एकरं मुलाने ताब्यात घेतली.
दोरी धरून, ठिबक टाकून, पाच बाय पाच.
घड चांगले पडलेत म्हणे, पंचवीस किलोची रास लागेल.
काशिनाथ खूश आहे, दिल्लीचा व्यापारी बघून गेला.
भर दुपारीही आत संध्याकाळ असते म्हणतात.

मी अजून आत गेलेलो नाही.